भुलीआधीचं आवतण

आत्याबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा त्यांना आधी हसूच आलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सुना सासूला अशीच हाक मारतात. "आपल्या रानात कितीबी खणलं तरी खडा लागत न्हाई," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "अन् माझ्या पोटात ढिगारा?" डॉक्टरही हसले. मग त्यांनी सांगितलं की पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढून टाकू, जखम बोटभरसुद्धा होणार नाही, चार दिवसांत आजी घरी हिंडू-फिरू लागतील. फक्त पूर्ण भूल द्यावी लागेल. तोवर मान डोलावणाऱ्या आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. आज कळ येते आणि थांबते, पण उद्या एखादा खडा नळीत जाऊन अडकला तर जिवावर बेतेल, आणि मग या वयात घाईघाईनं ऑपरेशन करणं अवघड जाईल. आत्याबाईंनी सगळं नीट ऐकलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पोट फाडा, खडे काढा, काय करायचं ते करा, पण जागेपणी करा.

परभणीहून ताडकळसच्या बसमध्ये बसल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. खिडकीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "भूल दिल्यावर मी कुठं असते?"

माझे यजमान पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुझ्या खात्यातलं हाय," ते म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

त्यांचं चुकलं नव्हतं. परभणीच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. मन म्हणजे काय, जाणीव कुठून येते, मेंदू आणि मन एक की दोन, कालचा मी आणि आजचा मी एकच कशावरून, असल्या प्रश्नांवर माझा पगार चालतो. हा विषय मुलं घेतात ते बहुतेक गावाकडची बस सुटायच्या आत तास संपतो म्हणून. त्याचा मला राग नाही. राग येतो तो "मॅडम, याचा उपयोग काय?" या प्रश्नाचा. त्यावर मी इतकी वर्षं फणकारत आले. आणि आता घरातल्याच माणसाला त्याचा उपयोग हवा होता, तोही लवकर, आणि माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. खरं सांगते, काळजीच्या जोडीला मला थोडा आनंदही झाला.

श्रावण चालू होता आणि मुगाच्या शेंगा घरात आल्या होत्या. कॉलेजातून आले की मी ओसरीवर आत्याबाईंच्या समोर बसायची, दोघी शेंगा सोलायचो आणि बोलायचो. सुरुवात मी लोकायतांपासून, म्हणजे चार्वाकवाल्यांपासून केली, कारण त्यांचं उदाहरण आत्याबाईंच्या कमरेलाच होतं. त्यांची एक चंची आहे, पानाची, कापडी, कप्प्याकप्प्यांची. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नाही. नातवंडांना सुपारीचं खांड मिळतं ते त्यांच्या हातून. मला तेवढंही कधी मिळालं नाही. सुनेनं पान खाऊ नये असं त्यांचं मत होतं आणि त्यावर चर्चा नव्हती.

"हे लोक म्हणायचे," मी म्हटलं, "पान हिरवं, चुना पांढरा, कात तपकिरी. लाल यातलं काहीच नाही. पण एकत्र चावलं की तोंड लाल होतं. तसंच शरीराचं हे अन् ते जुळून आलं की माणसाला जाणीव येते. ती बाहेरून कुठून येत नाही आणि सोडून कुठं जातही नाही."

आत्याबाईंनी विडा या गालातून त्या गालात सरकवला. "म्हंजे भूल दिली की माझा रंग उडतो."

"तेवढ्यापुरता."

"अन् परत येतो ते तोच कशावरून? दुसऱ्या पानाचा लाल बी लालच दिसतो की."

वर्गात या ठिकाणी मी घंटेची वाट बघते. ओसरीवर घंटा नव्हती, म्हणून मी नैयायिकांकडे, न्यायदर्शनाच्या लोकांकडे वळले. त्यांच्या मते आत्मा कायमचा आहे, पण मन त्याच्याशी जोडलेलं असेल तेव्हाच त्याला काही कळतं. गाढ झोपेत तो नुसता असतो, एखाद्या दगडासारखा. हे आत्याबाईंना मुळीच पटलं नाही. "पोटात खडे हायेत तेवढे बास न्हाईत का," त्या म्हणाल्या, "आता मीच दगड व्हायलेय?"

मग मी आजच्या मेंदूशास्त्राकडे आले. तिथं मी जरा जोरात होते. मेंदूचे भाग जागेपणी एकमेकांशी सारखे बोलत असतात, एकाला कळलेलं बाकीच्यांना पोचतं, आणि हे सगळ्यांना पोचणं म्हणजेच जाणीव, असं काही शास्त्रज्ञ मानतात. भुलीत ते भाग मरत नाहीत. त्यांचं आपसातलं बोलणं तेवढं तुटतं.

"लाईट गेल्यावानी," आत्याबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"लाईट आली की दर बारीला काहीतरी जळतंच. मागल्या खेपंला हिरीवरची मोटर जळली."

"ते व्होल्टेजमुळं," यजमान आतून म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

असे बरेच दिवस गेले. मला या बोलण्याची गोडी लागली होती, हे कबूल करायला हवं. पण मधेच कधीतरी आत्याबाई शेंग हातात धरून थांबायच्या, उजव्या कुशीत मुठीनं दाबायच्या आणि चेहऱ्यावर काही येऊ न देता कळ जायची वाट बघायच्या. मग माझ्या लक्षात यायचं की इथं परीक्षेला बसलेलं कुणी नाही. एक म्हातारं माणूस दुखणं काढतंय, आणि मी त्याला अजून ऑपरेशनला तयार करू शकलेली नाही.

एकदा अशीच कळ ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मरायचं भ्या न्हाई मला. माझं सगळं झालंय. पण मी हिकडंच ऱ्हायले अन् दुसरीच कुणी माझ्या अंगात उठून घरी आली तर? तुमाला कळायचं बी न्हाई. तुमी तिला आत्याबाई म्हणून वाढसाल."

"असं कुठं होतं का?"

"झालंय की. पलीकडच्या घरात बघ."

पलीकडच्या घरात मावशी राहतात. गल्लीतली सगळीच त्यांना मावशी म्हणतात. गेल्या साली त्यांची गर्भपिशवी काढली, तीही भूल देऊनच. त्याआधी मावशींच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असायची. त्यांच्या दारावरून शेळी गेली तर शेळीच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. त्यांच्या सांडपाण्याच्या नालीत दुसऱ्याचं पाणी गेलं तर त्या दिवशी आम्हाला टीव्ही लावायची गरज नसे. आणि त्या ऑपरेशनहून आल्या त्या एकदम मऊ. "ये बाई, बस, च्या घे." शेळीला म्हणे त्यांनी एकदा भाकरीचा तुकडाही टाकला. गल्लीला हे सोसेना. लोक त्यांच्या दारावरून जाताना उगाच थबकायचे.

"लय गरीब हाय बिचारी," आत्याबाई म्हणाल्या, "पर ती न्हाई ती. तिच्यासंगं मी सारी जिंदगी भांडलेय. मला कळतं."

माझ्या पुस्तकांत या प्रश्नासाठी मेंदू अदलाबदलीची उदाहरणं असतात. याचा मेंदू त्याच्या डोक्यात, आता कोण कोण? मला ती कधीच फारशी खरी वाटली नाहीत. इथं मात्र प्रश्न आठ पावलांवर राहत होता. मी आत्याबाईंना म्हटलं, चला, बघूनच येऊ.

ऊन पडलं होतं म्हणून मावशींनी अंगणात चादरीवर मूग वाळत घातला होता. त्यांनी आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि चहा टाकायला सुनेला सांगितलं. आत्याबाई चहाला आल्या नव्हत्या. त्यांनी थेट सुरुवात केली. "माझ्या लग्नात गोडाला काय होतं?"

"बुंदी," मावशी म्हणाल्या. "अन् ती बी शेवटच्या पंगतीला पुरली न्हाई."

आत्याबाईंनी आणखी दोन-तीन जुन्या गोष्टी विचारल्या. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. माणूस तोच असण्याचा पुरावा म्हणजे त्याच्या आठवणी, असं मानणारा एक मोठा पंथ आहे, आणि मी विजयानं आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या कानाशी लागल्या. "हे तिला कुणीबी सांगितलं असंल." त्या पंथावर हाच आक्षेप घेतला जातो. 

मग आत्याबाई उठल्या. पायातल्या चपला काढून ठेवल्या. अंगणातून चालत गेल्या आणि वाळत घातलेल्या मुगावर सरळ पाय दिला.

मावशींनी पाहिलं. क्षणभर त्यांच्या तोंडावर तेच नवीन, मऊ हसू होतं. मग ते गेलं. "डोळे फुटले का गं तुझे? लक्ष्मीला तुडवायलीस? तुझ्या घरी मूग आला म्हणून माझ्या घरच्याची माती करायलीस व्हय?" आवाज चढला, चढतच गेला, आत्याबाईंच्या माहेरापर्यंत पोचला. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. सून चहाचं पातेलं हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आत्याबाई मात्र खाली वाकल्या, मुगाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"हाय," त्या मला म्हणाल्या. "आतमधी हाय ती."

का तुडवलं ते कळल्यावर मावशी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगं, पोटात दुखायचं. वरसानुवरसं दुखायचं. सांगायचं कुणाला? ते थांबलं. आता दुखत न्हाई तर वरडू कशाला?"

यावर हसणं थांबलं.  सबंध गल्ली मावशींना भांडकुदळ म्हणत आली होती, आणि त्या बाई एवढी वर्षं दुखणं काढत होत्या. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळतं कसं, या प्रश्नावर मी दर वर्षी व्याख्यान देते. पलीकडच्या घरातलं मला कळलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि परत येताना आत्याबाईंनी माझा हात धरला होता तो मी घर येईपर्यंत सोडला नाही.

पण निघताना त्यांनी एक शेवटचा प्रश्न विचारला होता आणि त्यानं पुन्हा घोळ झाला. "मधी कुठं होतीस?"

"कुठंच न्हाई," मावशींनी सांगितलं. "सुई टोचली, अन् लगेच ती पोरगी म्हणली, झालं, उठा. झोपंत कसं, झोपले होते एवढं तर कळतं. तेवढं बी न्हाई."

वेदान्ती लोक इथंच तर बाजी मारतात. झोपून उठल्यावर आपण म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. म्हणजे काही न कळणं बघणारा कुणीतरी आत जागा असणार, असा त्यांचा युक्तिवाद. हा मी आत्याबाईंसाठी राखून ठेवला होता, हुकमाचं पान म्हणून. मावशींनी तो साक्षीदारच गैरहजर ठरवला. मी तो विषय काढलाच नाही. आत्याबाई म्हणाल्या, "पोळा होऊ दे. मंग बघू."

आम्ही ट्रॅक्टर भाड्यानं घेतो, पण कोळपणीसाठी बैलजोडी ठेवली आहे. ताडकळसच्या बाजारातून यजमान नव्या वेसणी, गोंडे आणि शिंगांना लावायचा रंग घेऊन आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण असते. बैलांना ओढ्यावर धुऊन आणतात, जू ओढून निबर झालेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, पळसाच्या पानांनी ते हलकेच शेकतात आणि मग त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. हे आमच्या घरी यजमान करतात. मी कॉलेजला निघाले तर "येते" म्हटल्यावर "हं" एवढंच म्हणणारा हा माणूस त्या संध्याकाळी बैलाच्या कानाशी वाकतो आणि अहो-जाहो करत म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

जनावरं म्हणजे नुसती यंत्रं, त्यांना आतून काही वाटत नाही, असं एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं मत होतं. हे मी वर्गात सांगते तेव्हा कुणी ना कुणी हमखास विचारतं, "मॅडम, त्याच्या घरी बैल नव्हता का?" मला तो प्रश्न आवडतो, तरी मी त्यांना सांगते की बैल असणं हा पुरावा होत नाही. त्या संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर आत्याबाईंजवळ बसून मीच विचारलं, "बैलांना कळतं का हो हे?"

"बोलणं कळत नसंल," त्या म्हणाल्या. "पर सांगितल्याबिगर जेवू घालू ने. आवतण दिलं की उद्या गावभर मिरवून आणलं, ढोल वाजले, फटाके वाजले, तरी बैल आपल्याच दारात येऊन उभा ऱ्हातो का न्हाई?"

तो सवयीनं येतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण संध्याकाळ चांगली होती, तुपाचा आणि हळदीचा वास सुटला होता, आणि मला भांडायचं नव्हतं.

पोळ्याला पुरणपोळी झाली. डॉक्टरांनी तुपाची बंदी केली होती. आत्याबाई म्हणाल्या, बैलांना चालतं अन् मला न्हाई का, आणि पोळीवर तूप ओतून घेतलं. कुणी अडवलं नाही. त्यांना अडवणं सोपं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांच्या पोटात अशी कळ उठली की त्या चुलीपुढं आडव्या झाल्या. घामानं लुगडं भिजलं. आम्ही गाडी करून त्यांना परभणीला नेलं. वाटेत पिंगळीजवळ रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. आगगाडी जाईपर्यंत यजमान स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाकडे असं बघत होते जसा काही तोच ती गाडी सोडणार होता. माझ्या मांडीवर आत्याबाईंचं डोकं होतं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मला एवढंच कळत होतं की हे माणूस मला हवं आहे.

इंजेक्शननं कळ थांबली. डॉक्टर म्हणाले, या वेळी खडा अडकता अडकता राहिला, पुढच्या वेळेची खात्री देत नाही. आत्याबाई छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "करा. पर मला आवतण पाहिजे."

कुणालाच कळलं नाही. मला कळलं.

भुलीचे डॉक्टर तपासायला आले ते तरुण होते, बोलायला साधे. आत्याबाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ते खुर्ची ओढून बसले. "आजी, किती भूल द्यायची ते आम्हाला माहीत आहे. तुम्हाला परत कसं आणायचं तेही माहीत आहे. तुम्ही मधल्या वेळात कुठं असता, ते कुणालाच नीट माहीत नाही." आत्याबाईंनी समाधानानं मान हलवली. "ह्यो पोरगा खरं बोलतो," त्या मला म्हणाल्या. मी हेच सांगत आले होते, नुसतं जास्त शब्दांत, त्यामुळे मला जरा राग आला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात आत्याबाईंनी उशीखालून एक डबी काढली. तिच्यात तूप आणि हळद होती. घरून मागवून घेतली होती, यजमानांकडून, मला न सांगता. यजमानांना वाटलं, आवतण त्यांनी द्यायचं, म्हणून ते पुढं झाले.

"तू नको," आत्याबाई म्हणाल्या. "तुझा गळा भरून येतो. ही देईल. हिचा आवाज शेवटच्या बाकापत्तूर जातो."

मी त्यांच्या पाठीशी बसले. पोलक्याची बाही सरकवून खांद्याला हळद-तूप चोळू लागले. इतक्या वर्षांत त्या खांद्याला माझा हात लागला नव्हता. पाण्याच्या घागरी, सरपणाच्या मोळ्या, कडेवरची पोरं, सगळं त्या खांद्यानं वाहिलेलं. हाडावर कातडं, आणि कातड्यावर एक जुना व्रण, तो कशाचा हे मला माहीत नव्हतं. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली. नर्स म्हणाली, सकाळी हे पुसावं लागेल हं. मला आधी लाज वाटत होती, मग वाटेनाशी झाली. मी त्यांच्या कानाशी वाकले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आत्याबाईंनी पाहुण्यासारखं विचारलं, "काय करसाल?"

"ज्वारीची भाकर. मुगाचं वरण."

"अन् ठेचा?"

"ठेचा डॉक्टरांना विचारून."

"मंग येते," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

सकाळी त्यांना आत नेलं. बाहेर बाकावर बसल्यावर मला सगळे सिद्धान्त आठवत होते. वेदान्ती, नैयायिक, लोकायत, मेंदूवाले, एकेक येऊन समोर बसत होता आणि कुणाचंही म्हणणं मला खोडता येत नव्हतं. पण मला त्यातलं एकही खरं ठरायला नको होतं, खोटंही ठरायला नको होतं. आतून आत्याबाई बाहेर यायला हव्या होत्या, त्याच, पुऱ्या, कुणी बदललेल्या नाहीत. यजमान जवळ बसून नखं कुरतडत होते. मधेच त्यांनी विचारलं, "येईल ना गं?" मी म्हटलं, "आवतण दिलंय." दोघांनाही त्याचं हसू आलं नाही.

मग दार उघडलं आणि भुलीच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. श्वास ठीक होता. नर्स आत्याबाईंच्या गालावर थोपटत "आजी, डोळे उघडा, आजी" म्हणत होती, आणि त्या काही दाद देत नव्हत्या. "औषधाचा अंमल उतरतोय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही हाक मारून बघा."

मी वाकले.  वर्गातला आवाज काढला. "आत्याबाई, जेवायला चला."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले. "वरडू नको," त्या म्हणाल्या. "आले."

मी तिथंच रडले. डॉक्टरांनी तोंड फिरवलं आणि कुठल्यातरी नळीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्या भराभर सुधारल्या. आणि मावशींसारख्याच मऊ झाल्या. चहात साखर कमी पडली तरी प्यायल्या. भाकरी एका कडेनं करपली होती ती बिनबोभाट खाल्ली. मी कॉलेजहून उशिरा आले तर म्हणाल्या, "दमलीस का?" आता त्यांना दुखत नव्हतं, हे मला माहीत होतं. कारण पलीकडच्या घरात बघितलेलं होतं. तरी एक दिवस राहवेना. दुपारी त्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, चंची शेजारी होती. मी समोर बसले, हात पुढं केला आणि सरळ चंचीत घातला.

हातावर फटका बसला. चांगला सणसणीत. "ठेव ती," आत्याबाई म्हणाल्या.

मी हात चोळत त्यांच्याकडे बघून हसत राहिले. त्यांनी डोळे बारीक केले. "तपासायलीस का मला?"

"हो."

"मंग? कोण हाय?"

"तुम्हीच."

 त्यांनी चंची पुढ्यात ओढली. एक पान काढलं, लुगड्यावर पुसलं, शिरा काढल्या, चुना लावला, कात घातला, अडकित्त्यानं सुपारी कातरली, घडी केली आणि तो विडा माझ्यासमोर धरला. "घे."

इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. माझा सगळा पुरावा एका विड्यानं पार मोडून टाकला होता. आता ही कोण, आत्याबाई की दुसरी कुणी, असं विचारायला माझ्याजवळ कारण होतं, शिक्षण होतं आणि वेळही होता. मी विडा तोंडात टाकला. आमची डाळ निवडून होत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "जीभ दाखव."

मी दाखवली.

"रंगलंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि सूप माझ्याकडे सरकवलं.